सकाळचे आभाळ

'मेघदूता'च्या आरंभीच कालिदास मेघ म्हणजे काय ते सांगून टाकतो: धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा संयोग. जळगावात हा श्लोक शिकवताना मला दरवर्षी साक्री तालुक्यातील एक शेत आठवते. त्या शेतात कांदा भिजला होता, आणि तो भिजण्यात माझा वाटा होता.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यातील एका शाळेत मराठी आणि भूगोल शिकवीत असे. ढगांचे प्रकार हा पाठ रुक्ष होऊ नये म्हणून मी मुलांना पटांगणात नेऊन आभाळ ओळखायला लावी. पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे ते तंतुमेघ. गोधडी पसरल्यासारखे ते स्तरमेघ. सपाट बुडाचे आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या माथ्याचे ते राशिमेघ. कापूस पिकवणाऱ्या घरांतील मुले ती. उपमा त्यांना शिकवाव्या लागत नसत.

एप्रिलमधल्या एका दिवशी, सकाळची शाळा सुटताना, पश्चिमेला चार-दोन पांढरेशुभ्र पुंजके दिसत होते. मुलांनी एका आवाजात सांगितले, 'राशिमेघ!' मी खूश होऊन पुस्ती जोडली, 'हे चांगल्या हवेचे ढग. आज पाऊस नाही.' एका मुलाने ते वाक्य जसेच्या तसे घरी नेले. त्याच्या वडिलांचा उन्हाळ कांदा काढून शेतात पडला होता. ताडपत्री शेजारी द्यायची की आपल्याला ठेवायची, असा प्रश्न होता. सर म्हणाले पाऊस नाही, म्हणून ती शेजारी गेली. चारच्या सुमारास गडगडाट झाला आणि अर्ध्या तासात वाफे पाण्याने भरले. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. तो सडतो, आणि लगतचा कांदाही सडवतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते रागावले नाहीत. कांदा निवडता निवडता एवढेच म्हणाले, 'सर, सकायनं आभाय सकायनंच ऱ्हास.' सकाळचे आभाळ सकाळपुरतेच असते.

नाव चुकले नव्हते. चूक होती ती नाव मिळताच पाहणे थांबवण्याची. एप्रिलमध्ये जमीन तापते, हवा वर चढत राहते, आणि तिला पुरेसा ओलावा मिळाला तर सकाळचा निरुपद्रवी राशिमेघ दुपारी मनोऱ्यासारखा वाढतो. त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला की तो गर्जन्मेघ. त्याची उंची 10-12 किलोमीटर आणि त्याहूनही अधिक असू शकते. तंतुमेघांमागून दाट थर आले की पाऊस समजावा, हा ठोकताळाही मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांतला आहे. खानदेशातल्या वळवाला तो लागू पडत नाही.

पुढे ल्यूक हॉवर्डविषयी वाचले, तेव्हा या अनुभवाला वेगळाच संदर्भ मिळाला. लंडनच्या या औषध बनवणाऱ्या गृहस्थाने 1802 साली ढगांना लॅटिन नावे दिली. त्याच वर्षी लामार्कने सुचवलेली फ्रेंच नावे विस्मरणात गेली, हॉवर्डची टिकली. पण त्याने मूळ रूपांबरोबर मधल्या आणि मिश्र रूपांनाही जागा दिली होती, ढग एका रूपातून दुसऱ्यात जातो हे गृहीत धरूनच. वनस्पतींच्या रूपांतरावर 1790 साली लिहिणाऱ्या गटेला याचे आकर्षण वाटले आणि त्याने हॉवर्डच्या गौरवार्थ कविता लिहिली, यात नवल नाही. आम्ही मात्र वर्गात फक्त नावे उचलली.

साहित्याच्या वर्गातही वेगळे काय होते? 'ही रोमँटिक कविता', 'ही ग्रामीण कादंबरी' असे म्हटले की आमचे वाचन पुष्कळदा तिथेच संपते. मात्र तिथे कुणाचा कांदा भिजत नाही, म्हणून चूक उघडकीला येत नाही.

त्या घटनेनंतर मुलांच्या वह्यांत मी एक रकाना वाढवला. 'ढगाचे नाव' याच्या शेजारी 'तासाभराने काय झाले?' ढग रुंदीपेक्षा उंचीने वाढतो आहे का, बूड काळवंडते आहे का, वारा एकाएकी थंड झाला का, हे मुले त्यात लिहू लागली. अंदाज तरीही चुकत. पण 'आज पाऊस नाही' असे त्यानंतर आमच्यापैकी कुणी म्हटले नाही. 'अजून तरी दिसत नाही' असे म्हणत असू. ज्याची ताडपत्री शेजारी गेली होती, त्या मुलाच्या वहीत हा रकाना सर्वांत भरलेला असे.