बोटाची आरी

पावसाळा म्हणजे मोटर रिवाइंडिंगवाल्याचा रिकामा हंगाम. सोयाबीन वावरात उभं, विहिरींना पाणी, पंपांना आराम. जळालेल्या मोटरी माझ्या दुकानात येऊ लागतात त्या रब्बीचं ओलीत सुरू झालं की. तोवर जानेफळात मी पंखे आणि मिक्सर यांच्यावर दिवस काढतो. अशाच दिवसांत राखीला आलेला पुतण्या पुण्याला परत जाताना एक योयो काउंटरवर ठेवून गेला. म्हणाला, "काका, हा बोटावर फिरवायसाठीच बनवलाय. बघा जमतो का."

योयो म्हटला की मला जत्रेतला आठवतो. प्लास्टिकचा, आत लाल-हिरवे दिवे, दोरी आसाला पक्की बांधलेली, खाली गेला की लगेच वर येणारा. नाहीतर इलॅस्टिकला लोंबकळणारा पाणी भरलेला रबरी चेंडू. हा त्यातला नव्हता. ॲल्युमिनियमची दोन अर्धुकं, कडेला पोलादी कडी, वजन 65 ग्रॅमच्या आसपास आणि मधोमध चक्क बेअरिंग! बेअरिंग म्हणजे माझं पोट. लगेच व्हर्नियर लावला. बाहेरून 12.7 मिलीमीटर, आतून 6.35, म्हणजे अर्धा इंच आणि पाव इंच. आमच्याकडे नेहमी लागणारं 6203 बाहेरून 40 चं आणि आतून 17 चं असतं, त्यापुढे हे बाळच. पण काम तेच: एक भाग फिरत राहावा आणि दुसऱ्याला त्याची झळ लागू नये. इथे दोरी बेअरिंगवर बसते. ती थांबलेली असते आणि दोन्ही अर्धुकं फिरत राहतात.

फरक तेलपाण्याचा. मोटरीच्या बेअरिंगला मी ग्रीस भरतो, इथे ग्रीस चालत नाही. बेअरिंग जड झालं की दोरी पकडली जाते आणि योयो न बोलावता हातात येतो. शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एखादा थेंब, तोही क्वचित. असा मोकळा योयो नुसत्या झटक्याने वर येत नाही. दोरीचा पदर दुमडून मधल्या फटीत सारावा लागतो. तो अडकला की योयो स्वतःच दोरी गुंडाळत वर येतो. खेळणारी पोरं याला 'बाइंड' म्हणतात.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे बोट. या योयोच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना खोलगट वाटी आहे. साध्या योयोची बाजू सपाट असते किंवा मधोमध उंचवटा असतो. त्यावर बोट टेकवलं तर ते बाहेर घसरतं. वाटी असली की बोट थोडं बाजूला लागलं तरी घसरत मध्यावर येतं. आणि सगळी गंमत मध्यावरच आहे. दोन पोलची मोटर 50 सायकलच्या विजेवर मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या जवळपास फिरते. योयो तेवढ्या वेगात आहे असं धरू, म्हणजे सेकंदाला 50 फेरे. बोट मध्यापासून एक सेंटीमीटर बाजूला टेकलं, तर त्याखालून दर सेकंदाला तीन मीटरहून जास्त धातू घासून जातो. एक मिलीमीटरवर टेकलं तर तोच आकडा दहावा हिस्सा होतो. नेमक्या मध्यावर जवळजवळ शून्य. वाटीचं काम एवढंच, की बोटाला तो शून्य शोधावा लागू नये.

करायचं असं. योयो सरळ खाली न टाकता पोटासमोरून आडवा फेकायचा, म्हणजे तो ताटलीसारखा सपाट फिरतो. लगेच दोरीने त्याला हलका वर उचलायचा. दोरी ढिली पडते त्या क्षणी डाव्या हाताची तर्जनी खालून वाटीत द्यायची. बास. सांगायला एका दमात होतं.

दुकानात शहाबादी फरशी आहे, म्हणून आधी गोधडी अंथरली. तरी पहिले दिवस योयोपेक्षा माझ्या बोटांच्या पेरांनीच जास्त मार खाल्ला. पुढे एकदा तो वाटीत बसला आणि बसूनच राहिला. कानाशी बेअरिंगची बारीक घरघर, बोटाच्या टोकाला गुदगुल्या, वर 65 ग्रॅम धातू स्वतःच्या तोऱ्यात. समोरच्या चक्कीवर दळण आणलेली दोन पोरं दळण विसरून दारात उभी राहिली. मोटर चालू झाल्यावर मिळतो तो आनंद मला माहीत आहे, पण तो गिऱ्हाइकाच्या कामाचा. हा बिनकामाचा होता, म्हणून जास्त गोड लागला.

पण दर वेळी बसेना. कधी बोटावर येताच कलायचा, कधी डुलत डुलत कडेला जाऊन पडायचा. दमट हवेत बोट चिकट होतं, म्हणून टाल्कम पावडर लावून पाहिली. थोडा फरक पडला. नखं कापली. तरी मूळ दुखणं राहिलंच.

पोळा जवळ आला होता. शेजारचे आबा ओट्यावर बैलांसाठी कासरे आणि मोरक्या वळत होते. अंबाडी जाऊन आता नायलॉन आलं, पीळ मात्र तोच. माझा खेळ ते बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "लेका, हा तं भवराच हाय. फक्त उलटा. भवऱ्याची आरी भवऱ्याले असते, तुह्या खेळात आरी तुह्या बोटाले हाय."

इतकं नेमकं मला पुतण्यानेही सांगितलं नव्हतं. हातजाळी घेताना जमिनीला न टेकवता तळव्यावर झेललेला भोवरा लोखंडी आरीवर फिरतो. तिथे टोक फिरतं आणि हात थांबतो. इथे टोक माझं बोट आहे, ते थांबतं आणि त्याच्यावर वाटी फिरते. आणखी एक गोष्ट त्यातून उमगली. भोवऱ्याचं सगळं वजन आरीच्या वर असतं, म्हणून वेग उतरला की तो झोकांड्या खातो. योयोची वाटी जितकी खोल, तितकं बोटाचं टोक त्याच्या वजनाच्या मध्याजवळ जातं आणि कलंडवणारा जोर तितका कमी होतो. ही वाटी कोरणाऱ्याने घर्षणाबरोबर तोलाचाही विचार केलेला होता.

आबांनी दुसरा दोष काढला तो दोरीचा. "पीळ पाय आधी," म्हणाले. दोरी खरंच जागोजागी गुंतत होती, सैल सोडली की आपोआप वेटोळी घालत होती. याचं कारण मला माझ्या धंद्यातूनच कळायला हवं होतं असं नाही, पण जुळलं मात्र तिथेच. तांब्याच्या तारेचं रीळ फिरवून तार काढली तर ती सरळ येते. रीळ स्थिर ठेवून वरच्या तोंडाने तार ओढली तर दर वेढ्याला तारेत एक पीळ पडतो. सपाट फेकलेल्या योयोवरून दोरी थोडीफार अशीच सुटते. त्यामुळे प्रत्येक फेकीगणिक पीळ वाढतो किंवा उकलतो. घट्ट झालेली दोरी ढिली पडायच्या क्षणी योयोला ओढते, आणि बोटावर बसलेला योयो त्या एवढ्याशा ओढीनेच कलतो. उपाय सोपा होता. अधूनमधून बोटातला फास काढायचा, योयो हातात धरून दोरी लोंबकळू द्यायची आणि जास्तीचा पीळ उतरू द्यायचा.

दोरी झिजली तेव्हा आबांनीच नवी वळून दिली. शिंप्याकडून पॉलिस्टरच्या दोऱ्याचं रीळ आणलं, पदर एकत्र करून पीळ दिला, मध्यात दुमडून दोन्ही अंगं एकमेकांवर उलट्या पिळाने बसू दिली. दुमडल्या जागी आपोआप फास तयार झाला, तो बेअरिंगवर चढवला. योयोची दोरी बेंबीपर्यंत असावी असा अंदाज सांगतात, तेवढीच ठेवली.

या फासात योयोचा इतिहास अडकलेला आहे. फिरणाऱ्या तबकडीला दोरी बांधायचा खेळ फार जुना. सुमारे 1770 च्या उत्तर हिंदुस्थानातल्या एका लघुचित्रात योयो खेळणारी तरुणी आहे. पण दोरी आसाला बांधलेली असेल तर योयो खाली थांबू शकत नाही. फिलिपिन्सकडे दोरी बांधत नसत, नुसती आसाभोवती फिरवून घेत. तिथून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी 1928 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे असे योयो बनवायला सुरुवात केली. पुढे डोनाल्ड डंकन यांनी त्यांचा धंदा विकत घेऊन तो अमेरिकाभर पोचवला. बेअरिंग नेहमीचं झालं ते त्याच शतकाच्या शेवटाकडे, आणि मग योयो कित्येक मिनिटं खाली फिरत राहू लागला. बोटावर घ्यायला सवड मिळाली ती त्यामुळे. 1932 साली लंडनला जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या हार्वी लो यांच्या लाकडी योयोला असा दम नव्हता. आजच्या स्पर्धांत मात्र बोटावरचा फेरा नेहमी दिसतो.

पुतण्याचा फोन आला. "काका, सोपं झालं ना?" मी म्हटलं, "बोटावर ठेवणं सोपं झालं. बोटापर्यंत आणणं होतं तेवढंच अवघड आहे." कारण वाटी चूक माफ करते ती टेकण्याची. फेकच तिरकी गेली, योयो सुरुवातीपासूनच डुलत असला, तर जगातली कोणतीही वाटी त्याला सरळ करत नाही. उलट या योयोने माझ्या फेकीचा दोष उघडा पाडला. आधी चुकलं की बोट कुठे टेकलं यावर खापर फोडता येत होतं. वाटीने ते कारण काढून घेतलं, आणि उरलं ते माझं मनगट.

म्हणून दारात उभ्या राहणाऱ्या पोरांना मी हा योयो पहिल्यांदा देत नाही. जत्रेतला स्वस्त प्लास्टिकचा आणा म्हणतो, दोरी बांधलेली असेल तर सोडून फास करून देतो, आणि सरळ फेक शिकवतो. ती बसली की मग हा. दोघांतला एक या पायरीला पोचलाय. रब्बीच्या मोटरी यायच्या आत दुसराही पोचेल असा माझा अंदाज आहे, कारण तो भोवऱ्याची हातजाळी आधीपासूनच घेतो.