दोन पकडींचा हिशेब

संपादकांनी फोनवर बजावलं, ‘कबड्डीवर लिहा सर, पण तांत्रिक नको.’ तीस वर्षं हिंगोली जिल्ह्यातल्या पोरांना डाव्या कोपऱ्यावरचा बचाव शिकवतोय. तांत्रिक वगळलं तर माझ्याजवळ उरतो तो दुखरा गुडघा.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत वसमतकडे एक स्पर्धा झाली. ‘उत्कृष्ट पकड’चं बक्षीस आम्ही सहा पकडी करणाऱ्या पोराला दिलं. त्याच्या उतावळेपणानं समोरच्यांना आठ गुण मिळाले, ते कुणी मोजलेच नाहीत. दुसऱ्या संघाच्या डाव्या कोपऱ्यावरच्या पोराच्या नावावर पकडी दोनच. पण त्याच्या बाजूला चढाईपटू फिरकायलाच धजत नव्हते. निकालाच्या कागदावर माझीही सही आहे.

लोकांना वाटतं, पकड म्हणजे ताकद. ताकद नंतर येते, आधी वेळ. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटर. बोनस घेताना चढाईपटूचा एक पाय त्या रेषेपलीकडे टेकतो आणि दुसरा हवेत असतो. सगळा भार एका घोट्यावर. तो घोटा कोपऱ्याचा! क्षणभर आधी झेपावलात तर निसटता स्पर्श होतो, गुण त्याचा आणि तुम्ही बाहेर. बरोबर पकडलात, पण मध्यरक्षक मदतीला उशिरा आला, तर चढाईपटू तुम्हाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. बोनससाठी समोर किमान सहा जण लागतात, हे वेगळंच. असो, पुन्हा तांत्रिक झालं.

कल्याणचा गिरीश इर्नाक घ्या. डावा कोपरा. प्रो कबड्डीत बंगाल वॉरियर्स, पुणेरी पलटण अशा संघांकडून खेळला, भारताकडूनही खेळला. जून २०१८ मध्ये दुबईतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतानं इराणला ४४-२६ असं हरवलं. त्या संघात गिरीश होता. दोनच महिन्यांत जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, उपांत्य फेरीत, त्याच इराणनं आपल्याला २७-१८ असं रोखलं. १९९० पासूनची सुवर्णपदकांची साखळी तिथं तुटली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळे आपल्या चढाईपटूंना शिव्या घालत होते. अरे, समोर डाव्या कोपऱ्यावर फझल अत्राचली उभा होता, त्याचं नाव तरी घ्या! अठरा हा आकडा आपल्या चढाईचा जितका, तितकाच इराणच्या बचावाचा.

आता बचावालाही भाव आलाय, हे कबूल. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. डाव्या कोपऱ्यावरून त्यानं त्या मोसमात पकडींचे ९९ गुण मिळवले आणि पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. तरी गावच्या मैदानावर शिट्ट्या चढाईलाच. माझंच चुकत असेल कदाचित; दिसत नाही त्याला टाळी वाजवायची कशी?

आयोजकांना एक विनंती. गुणपत्रकात दोन रकाने वाढवा : फसलेल्या पकडींनी दिलेले गुण, आणि कोपऱ्याकडून रिकाम्या हातानं परतलेल्या चढाया. पंचांना त्रास होईल, होऊ द्या.

दोन पकडींचा तो पोरगा दसऱ्यापासून चढाई शिकतोय.