बर्डीची टेकडी आणि घराचे जोते

कापड, भांडीकुंडी किंवा लग्नाचा बस्ता घ्यायला नागपूरला गेलेला माणूस सीताबर्डीला गेल्यावाचून राहत नाही. नागपूरकर तिला नुसते 'बर्डी' म्हणतात. मोरभवनला एस.टी.तून उतरावे, व्हरायटी चौकातून बाजारात शिरावे आणि पिशव्या भरून परतावे, हा आपला परिपाठ. बाजाराच्या डोक्यावरच्या टेकडीकडे पाहायला सवड कोणाला असते?

या खेपेला मात्र थोरले बंधू आणि मी टेकडीसाठीच थांबलो. गावात उतारावरच्या जागेत दादांना घर बांधायचे होते. दादांचे म्हणणे, "जागा उंच आहे, पाण्याची भीती कशाला?" माझे म्हणणे, "दादा, पाणी वरूनही येते." महिनाभर हा वाद चालला होता आणि गवंडी इसाऱ्यासाठी घाई करीत होता.

टेकड्या खरे तर दोन, एक मोठी आणि एक लहान. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई येथेच झाली. लहान टेकडी अरब शिपायांनी जिंकली, तेव्हा तेथून मोठीवर मारा होऊ लागला. शेवटी इंग्रजांनी ती परत घेतली. लढाईनंतर मोठ्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. तो आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि प्रजासत्ताक दिनासारख्या मोजक्याच दिवशी लोकांना पाहता येतो. म्हणून आम्ही खालूनच पाहिले.

माथ्यावर पडलेला पाऊस चहूबाजूंनी उतरतो. किल्ल्याला फक्त स्वतःच्या अंगावरचे पाणी सोसावे लागते, पायथ्याच्या घराला माथ्याचे, उताराचे आणि रस्त्याचे असे तिन्ही सोसावे लागते. आणि सखल भागाची गत तर नागपूरने पाहिलीच आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी पात्राबाहेर आली. ज्या मोरभवनला आम्ही उतरलो, तेथे त्या दिवशी गाड्या पाण्यात उभ्या होत्या.

रसवंतीच्या बाकावर बसून मी दादांना हिशेब मांडून दाखवला. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडते. आमच्या जागेच्या वर पाच गुंठे उतार आहे, म्हणजे पन्नास हजार लिटर. काही मुरेल, पण श्रावणात जमीन आधीच भिजलेली असते. बाकीचे सारे घराच्या मागच्या भिंतीशी येणार. दादा गप्प झाले.

उतारावर घर बांधणाऱ्या प्रत्येकाने या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिले, पातळी डोळ्यांनी ठरवू नये. पारदर्शक नळीत बुडबुडा न राहील असे पाणी भरावे. दोन्ही टोकांचे पाणी नेहमी एकाच पातळीत राहते. दोघांनी ती धरून चारही कोपऱ्यांच्या खुंट्यांवर खुणा केल्या, की उतार किती हे कळते. जोत्याची उंची घराला लागणाऱ्या सर्वांत उंच जमिनीपासून मोजावी, निदान दीड फूट. खालच्या बाजूने मोजली तर वरच्या बाजूला जोते मातीत जाते आणि भिंतीला ओल धरते.

दुसरे, घराच्या वर पाच-सहा हातांवर चंद्रकोरीसारखा चर खणावा. शंभर फुटांस एक फूट उतार देऊन त्याची टोके दोन्ही बाजूंनी खाली न्यावीत, तोंडाशी दगड रचावेत, म्हणजे माती खचत नाही. चर आणि घर यांमधली जमीनही घरापासून दूर उतरती करावी, दहा फुटांत सहा इंच पुरे. शेताच्या धुऱ्यावर आपण हेच करतो, घराच्या वेळी विसरतो. पाणी मात्र नैसर्गिक नाल्यात सोडावे, शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे. चराचे भांडण धुऱ्याच्या भांडणाइतकेच लांबते.

तिसरे, अर्धे घर खोदलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धे नव्या भरावावर उभारू नये. भराव दबतो आणि भिंत मधोमध तडकते. पाया पायऱ्यापायऱ्यांनी न्यावा, पण सगळीकडे घट्ट मुरमात टेकवावा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर विसंबू नये. भराव अडवणाऱ्या भिंतीला पाणी झिरपायला भोके ठेवावीत, नाहीतर मागे साचलेले पाणी भिंत ढकलून देते. गोठा, शेणखड्डा आणि संडासाचा खड्डा उताराच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून दूर असावा.

परतीच्या गाडीत दादा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "गवंड्याला दिवाळीनंतर बोलावू. हा पावसाळा नुसता जागेवर उभा राहून पाहतो, पाणी कुठून येते आणि कुठे जाते."

त्या पावसाळ्यात पहिल्या जोराच्या सरीला दादा गोणपाटाची खोळ घेऊन जागेवर गेले. घराच्या कोपऱ्यासाठी जेथे खुंटी ठोकली होती, तेथूनच घोटाभर पाणी वाहत होते. त्यांनी खुंटी उपटली आणि बारा हात बाजूला ठोकली. घर आता तेथेच उभे आहे आणि चराची साफसफाई दर वर्षी मृगाच्या आधी होते.