कशावरून?

मी परतवाड्याची. पेशाने नर्स, नोकरी मेळघाटातल्या धारणीत. कुशल कामगारांना जपानमध्ये काम मिळावं म्हणून भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१मध्ये करार झाला. त्यातल्या कामांत ‘काइगो’, म्हणजे वृद्धांची देखभाल, हेही आहे. भाषेच्या अटीत जपानीची एन-४ किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा येते. म्हणून ड्यूटी आटोपली की मी ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक उघडून बसते. तास ऑनलाइन, बाई पुण्याच्या. नेटवर्कने साथ दिली तर वर्ग, नाहीतर आपला आपण अभ्यास.

खरी गंमत त्रेचाळिसाव्या धड्यापासून सुरू झाली. एखादी गोष्ट कशी दिसते हे सांगायला जपानीत ‘सोऽ’ लावतात. ‘फुरिमास’ म्हणजे पाऊस पडतो. त्यातलं ‘मास’ काढायचं आणि ‘सोऽ’ जोडायचं. झालं ‘फुरिसोऽ’, पाऊस येईलसं दिसतंय. ‘ओइशिइ’ म्हणजे चवदार. ‘ओइशिसोऽ’ म्हणजे चवदार दिसतंय, अजून चाखलेलं नाही. ‘इइ’चं ‘योसासोऽ’ आणि ‘नाइ’चं ‘नासासोऽ’ ही आडमुठी रूपं तेवढी घोकावी लागतात.

डोळ्यांसमोर दिसेल त्यावर वाक्यं करा, असं बाईंनी सांगून ठेवलंय. पावसाळ्यातल्या धारणीत त्याला काय तोटा! डोंगरावरून काळं उतरलं की ‘फुरिसोऽ’. पिकअपवर रचलेली पोती एका अंगाला कलली की ‘ओचिसोऽ’, पडतायत आता. एकदा अशीच खिडकीशी बसून पुटपुटत होते. घरमालकीण काकू दोरीवरचे कपडे ओढत होत्या.

“काय बडबडू राहिली व?”

“पाणी येईन म्हणतो काकू, जपानीत.”

“त्याले जपानी कायले लागते? दिसू राहिलं ना!”

काकूंचं म्हणणं जपानी व्याकरणालाही मान्य आहे. लाल फुलाला ‘अकासोऽ’ म्हणत नाहीत, सुंदर बाईला ‘किरेइसोऽ’ म्हणत नाहीत. जे बघताक्षणी कळतं त्याला अंदाजाची शेपटी लावायची नसते. जे अजून व्हायचंय, किंवा जे आत दडलेलं आहे, त्यालाच ‘सोऽ’.

सत्तेचाळिसाव्या धड्यात तोच ‘सोऽ’ वेश बदलून येतो. या वेळी तो अख्ख्या क्रियापदामागे उभा राहतो. ‘फुरु सोऽ देस’ म्हणजे पाऊस येणार म्हणे. ‘फुरि’ म्हटलं तर मी आभाळ पाहिलंय, ‘फुरु’ म्हटलं तर मला कोणीतरी सांगितलंय. फरक एका स्वराचा, आणि ऐकताना तो हटकून निसटतो. कोणाकडून कळलं तेही ‘नि योरु तो’ लावून आधी सांगता येतं. त्याच धड्यात तिसरं रूप, ‘योऽ देस’. सकाळी रस्ता ओला आहे, पानांवर थेंब आहेत, म्हणजे रात्री पाऊस झालेला दिसतो. इथे खुणा जमवून काढलेला निष्कर्ष असतो. बोलताना त्याच जागी ‘मिताइ’ येतं.

हे तीन खण डोक्यात घेऊन वॉर्डात गेले, तर तिथे ते आधीपासूनच मांडलेले होते.

आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायका कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, तिचं मराठीशी नातं नाही. बाई कोरकूत सांगते, आशाताई ते हिंदीत मला सांगते, मी कागदावर उतरवते. ‘दोन दिवसांपासून पोट दुखतं’ हे मी पाहिलेलं नसतं. ते ‘म्हणे’च्या खणातलं. बाई कुशीवर वळून पाय पोटाशी घेते, ते मी पाहते. पोटाला हात लावला की ते कडक लागतं, त्यावरून मी काही ताडते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात तेही हेच. पेशंट सांगतो ते वेगळं लिहा, तुम्ही बघता-मोजता ते वेगळं लिहा.

जपानी त्याहून एक पाऊल पुढे जाते. ‘इताइ’, दुखतंय, हे सरळ म्हणायचा हक्क फक्त ज्याचं दुखतंय त्याला. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर ‘इतासोऽ’, दुखत असावंसं दिसतंय, नाहीतर ‘इतागात्ते इमास’, दुखल्याची लक्षणं दाखवतोय. दुसऱ्याच्या कळा आपल्याला आतून ठाऊक नसतात, हे भाषाच बजावते.

‘सोऽ’वर किती विसंबायचं हे मेळघाटात बाळं तपासताना कळतं. एखादं बाळ गालांनी भरलेलं दिसतं. ‘गेंकिसोऽ’ म्हणावं असं, म्हणजे दिसायला तब्येतीने छान. अशा वेळी दोन्ही पावलांवर अंगठा हलकेच दाबून तीन सेकंद धरायचा. अंगठा उचलल्यावर दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, तर ते बाळसं नव्हे, सूज. मग दंडाची पट्टी काही का सांगेना, ते बाळ तीव्र कुपोषितच धरायचं. एरवी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टी लाल दाखवते. सुजेने मात्र दंडही फसवा होऊ शकतो. दिसतं तसं नसतं, ही म्हण आमच्याकडे अंगठ्याने पडताळावी लागते. ‘सोऽ’ म्हणजे पहिली नजर. ‘योऽ’ म्हणायचं तर हात लावून बघितलेलं असावं.

एन-४मध्ये बोलण्याची परीक्षा नसते. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच. पण काइगोच्या कामात शिफ्ट बदलताना ‘मोऽशिओकुरि’ असते, पुढच्या माणसाला तोंडी-लेखी माहिती सोपवण्याची रीत. तिथल्या आजी गुडघा धरून ‘दाइजोऽबु’ म्हणतील, काही नाही, ठीक आहे. मग मी काय सोपवायचं? ठीक आहे असं त्या म्हणाल्या, हे एका रूपात. दुखत असावंसं दिसतं, हे दुसऱ्या रूपात. एकाने दुसरं पुसायचं नाही. परीक्षेत या फरकाला एखाद-दुसरा गुण असेल. पुढच्या शिफ्टला मात्र त्यावरूनच ठरवायचं असतं, डॉक्टरांना आत्ता फोन करायचा की सकाळी.