साडेसहा अँपिअर

रमजानचा चौथा रोजा होता. थंडी अजून गेली नव्हती, म्हणून सहरीला उठलं की माझं पहिलं काम अम्मीच्या वजूसाठी पाणी तापवण्याचं. आमच्या मोरीत प्लग नाही. हॉलमधला एक्स्टेन्शन बोर्ड दारापर्यंत ओढायचा आणि बादलीत रॉड सोडायचा, ही वर्षानुवर्षांची सवय. त्या पहाटे मी पराठे लाटत होते. अम्मी म्हणाली, "बेटा, कसला वास येतोय?"

बोर्डाची भोकं तपकिरी होऊन वाकली होती आणि धूर निघत होता. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. अम्मी बादलीपासून दोन हातांवर उभी होती. तो दिवस मी फक्त एवढंच आठवत काढला.

संध्याकाळी मोहल्ल्यातले वायरमन चाचा आले. त्यांनी रॉड भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला लावला, टाँग टेस्टर वायरभोवती अडकवला आणि आकडे सांगितले: २३० व्होल्ट, साडेसहा अँपिअर. "रॉड चांगला आहे. बोर्डात पिन सैल बसत होती, कॉन्टॅक्ट लूज. तिथं रेझिस्टन्स वाढतो आणि जळतं." मी विचारलं, "मग एमसीबी का पडला नाही?" ते हसले. "तो लूज कॉन्टॅक्टला पडत नाही, बाजी."

दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे सर रजेवर, आणि नववीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडही भाषांचंच. पण धाराविद्युतचा धडा मुलांचा झाला होता, आणि माझ्याकडे घरचे दोन आकडे होते. फळ्यावर लिहिले. उर्दू पुस्तकातली मुजाहमत म्हणजेच मराठीतला रोध, हे सांगून गणित सोडवायला दिलं.

रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर. २३० भागिले ६.५, साधारण ३५.४ ओहम. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. २३० गुणिले ६.५, म्हणजे १४९५ वॅट. रॉडवर छापलेलं असतं १५०० वॅट. पुस्तकातलं सूत्र आणि मोरीतला रॉड जुळले म्हणून मुलं खूश झाली.

मग १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचं गणित केलं. धारा जेमतेम ०.४३ अँपिअर, पेटलेला असताना रोध सुमारे ५२९ ओहम. म्हणजे रॉडपेक्षा पंधरा पट जास्त. घरात व्होल्ट ठरलेले असतात, त्यामुळे ज्याचा रोध कमी तो जास्त धारा ओढतो आणि जास्त तापतो. हे मी ठासून सांगितलं.

मागच्या बाकावरून हात वर आला. वायरमन चाचांचीच मुलगी. "बाजी, रोध कमी तर उष्णता जास्त. मग अब्बा म्हणतात सैल जागी रोध वाढतो. तिथं तर उष्णता कमी व्हायला हवी. तुमचा बोर्ड जळला कसा?"

वर्ग शांत. मला उत्तर येत नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत असे प्रसंग मी कधी "ते पुढच्या वर्षी आहे" म्हणून टाळले आहेत. या वेळी अम्मी डोळ्यांसमोर होती. म्हटलं, "मला माहीत नाही. उद्या सांगते."

रात्री तरावीहनंतर दहावीचं पुस्तक घेऊन बसले. चूक सापडायला तास लागला. मी २३० व्होल्ट सैल जागेला देऊन बसले होते. ते तिला मिळतच नाहीत. सैल जागा आणि रॉड एकाच वाटेवर, एकामागे एक. दोघांतून तीच धारा जाते, आणि ती किती हे ठरवतो रॉडचा ३५ ओहमचा रोध. अशा ठिकाणी उष्णता मोजायची ती धारेचा वर्ग गुणिले त्या जागेचा रोध अशी. तिथं रोध वाढला की उष्णता वाढतेच.

समजा सैल जागेचा रोध फक्त अर्धा ओहम. एकूण रोध ३५.९ झाला, धारा ६.४ वर आली. ६.४ चा वर्ग सुमारे ४१, त्याच्या निम्मे म्हणजे २० वॅट. ऐकायला किरकोळ. पण रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, आणि तो शिसं वितळवतो. रॉडची उष्णता बादलीभर पाण्यात वाटली जाते. ही २० वॅट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडलेली, भोवती प्लॅस्टिक.

एमसीबीचं कोडंही सुटलं. तो वाढलेली धारा बघून पडतो. इथं धारा वाढली नव्हती, उलट किंचित घटली होती. त्याच्या हिशेबी सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं फळ्यावर मांडलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे अब्बा बरोबर होते." मी म्हटलं, "तुझे अब्बाही बरोबर, तुझा प्रश्नही बरोबर. माझं उत्तर अर्धं होतं." मग त्यांना गेऑर्ग ओहमबद्दल सांगितलं. कुलुपं बनवणाऱ्याचा मुलगा, जर्मनीत शाळामास्तर. त्याचं पुस्तक १८२७ मध्ये आलं तेव्हा फारसं स्वागत झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं ते १८४१ मध्ये. वायरमनची मुलगी लक्ष देऊन ऐकत होती.

चाचांनी मोरीबाहेर १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं, जाड वायर आणि अर्थिंगसह. तुम्हीही आज एवढं करा: रॉड, इस्त्री किंवा हीटर दहा मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. चांगलाच गरम लागला तर सॉकेट बदला. वास यायची वाट बघू नका. आमच्याकडे वास अम्मीला आला म्हणून निभावलं.