एक खटका, तीन आवाज

ऑर्केस्ट्रात बास गिटारवाल्याकडे सहसा कुणी बघत नाही. लोक गाणाऱ्याकडे पाहतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मारतात. मागे उभं राहून चार जाड तारांवर गाण्याचा पाया भरणारा माणूस वाजवायचा थांबला, की मगच सगळ्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. आमचे हे तीस वर्षं ते काम करत आले. दिवसा नोकरी, रात्री लग्नाचं रिसेप्शन नाही तर गणपतीचा मांडव.

तीन वर्षांपूर्वी यांना संधिवात जडला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांची चिमूटच बसेना. शर्टाची बटणं मी लावू लागले, बरण्यांची झाकणं मुलगा उघडू लागला. तारा मात्र अंगठ्याच्या कडेने छेडता येत होत्या. वाजवणं अडलं ते एका अगदी लहान गोष्टीवर.

या गिटारला तारांखाली दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलेला हाच तो नियम. गिटारमध्ये बॅटरी नसते, म्हणून तिला 'पॅसिव्ह' म्हणतात. मानेजवळचा पिकअप गोल, भरदार आवाज देतो. ब्रिजजवळचा टोकदार, थोडा नाकातला. 1960 साली बाजारात आलेल्या फेंडर जॅझ बासच्या धर्तीवर यांच्या गिटारलाही दोन पिकअपचे दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, असे तीन नॉब होते. अंतरा संपून कडवं सुरू होईपर्यंत एक नॉब उतरवायचा आणि दुसरा चढवायचा. चिमूटच नाही तर नॉब फिरणार कसा?

एका संध्याकाळी यांनी गिटार पुसून कव्हरमध्ये ठेवली. म्हणाले, "रविवारी एक मुलगा बघायला येतोय. देऊन टाकू."

लग्नाआधी मी आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. टीव्हीच्या कारखान्यात आठ वर्षं सोल्डरिंगच्या बाकावर बसले होते. मुलं झाली आणि माझं सामान माळ्यावर गेलं. त्या रात्री मी स्टूल घेऊन ते खाली काढलं.

"रविवारपर्यंत गिटार माझ्याकडे राहू दे," मी म्हटलं.

"अगं, पण भोक पाडू नकोस हं!" यांची पहिली काळजी ती.

भोक पाडायचं नव्हतंच. एक व्हॉल्यूम काढायचा, त्याच्या जागी खटका बसवायचा आणि उरलेला व्हॉल्यूम दोन्ही पिकअपसाठी सामाईक करायचा. नॉब फिरवायला चिमूट लागते. खटका मात्र तळहाताच्या कडेनेही ढकलता येतो.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने खटका पुढे केला. "ताई, तीन पोझिशनचा आहे." मी पर्समधून मल्टिमीटर काढून तिथेच तपासला. मधल्या जागी तो काहीच जोडत नव्हता. म्हणजे गाण्याच्या मध्येच गिटार मुकी! मला मधल्या जागी दोन्ही पिकअप एकत्र हवे होते. शेवटी सहा पायांचा, तिन्ही जागी 'चालू' असणारा खटका मिळाला. त्याच्या मधल्या दोन पायांना एकत्र जोडून तिथून आवाज बाहेर न्यायचा. एका रांगेच्या वरच्या पायाला एक पिकअप, दुसऱ्या रांगेच्या खालच्या पायाला दुसरा. मधल्या स्थितीत एक रांग वर आणि दुसरी खाली जोडली जाते, म्हणून दोघेही बोलतात. सहापैकी दोन पाय मोकळेच राहतात.

घरी आल्यावर जुन्या जोडणीचा मोबाइलवर फोटो काढला. खिडकी उघडली, पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न तापवली. हे टॉर्च धरून उभे. दोन्ही पिकअप मीटरवर सात-आठ हजार ओहम दाखवत होते, म्हणजे शाबूत होते. त्यांच्या नाजूक तारांना मी हातही लावला नाही; डाग द्यायचे ते बाहेरच्या जाड वायरींनाच. ब्रिजपासून आलेली अर्थिंगची वायर जपून ठेवली. ती सुटली तर गिटार गुरगुरत राहते. जुनं भोक खटक्याला मोठं पडत होतं, म्हणून दोन्ही बाजूंना वॉशर घातले. दांडीवर रबराची नळी चढवली, म्हणजे दुखऱ्या हाताला टोचणार नाही.

मग अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर हलकेच टिकटिक केलं. खटका वर, एकच बोलला. खाली, दुसरा. मध्ये, दोघे. एकेकट्या पिकअपवर ट्यूबलाइटजवळ येते ती घरघर मधल्या जागी जवळजवळ नाहीशी झाली, कारण दोघांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट आहेत.

खरं सांगायचं तर काही गमावलंही. दोन नॉबांनी हे या आवाजात त्याचा चमचाभर मिसळायचे. त्या मधल्या छटा गेल्या. दोन दिवस हे गप्प होते. मग म्हणाले, "तीनमध्ये भागेल. ऐकणाऱ्यांना सात कुठे ठाऊक होते?" यांचा तो सूर काही मला पूर्ण हसरा वाटला नाही. पण रविवारी सकाळी त्या मुलाला फोन करून "गिटार विकायची नाही" असं सांगितलं ते यांनीच.

संधिवात अजून आहे. औषधं, तपासण्या चालू आहेत, आणि खटका काही दुखणं बरं करत नाही. उद्या आणखी एखादं बोट आखडलं तर पुन्हा नवी सोय शोधावी लागेल. काढलेला व्हॉल्यूम आणि त्याचा नॉब मी डबीत जपून ठेवला आहे. हात सुधारला तर अर्ध्या तासात जिथल्या तिथे बसेल.

सामान मात्र आता माळ्यावर परत गेलेलं नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी बंद पडलेला रेडिओ घेऊन आल्या. "तुमच्या मिस्टरांना दाखवाल का?" म्हणाल्या.

हे आतूनच ओरडले, "वहिनी, या घरात ते खातं हिच्याकडे आहे!"