अंगठा

नातवानं इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हा मी तोंड सोडलं, "कांद्याचं पैसं तारंत घातलं!" महिनाभर पोरगं बोललं नाही.

एका संध्याकाळी त्याच्या खोलीतून शिट्टीसारखा सूर आला. गेलो. म्हटलं, "मला दाव."

याला पिंच हार्मोनिक म्हणतात. पिक टोकाशी धरायचं. तार छेडली की लगेच अंगठ्याची कड तारेला निसटती लागली पाहिजे. नेमकी जागा सापडली तर मूळ सूर दबतो, वरचा बारीक सूर किंचाळतो. माझा विळ्यानं घट्टे पडलेला अंगठा तारेवर बसूनच राही. आवाज मरे.

"आबा, दाबू नका. टेकवा नि सोडा," पोरगं हसलं. महिन्यानं हसलं.

दहाव्या दिवशी तार किंचाळली. गोठ्यातली म्हैस दचकली.